चिकटवलेली पाटी का सुटते? विनाईल लावण्यामागचं साधं शास्त्र

२०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान चालणार नाही, हेही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा छपाईच्या दुकानांत अक्षरशः रांगा लागल्या. नवी पाटी बनवणं खर्चाचं काम, म्हणून अनेकांनी जुन्याच पाटीवर, काचेवर किंवा शटरवर छापील विनाईल चिकटवून घेतलं.

आज त्याच रस्त्यांवरून चाललं की कडा सुटलेल्या, मध्ये फुगलेल्या पाट्या दिसतात. नुसती कापलेली अक्षरं लावली असतील, तर सगळ्यात आधी अनुस्वाराचा ठिपका जातो. शिरोरेषेने बांधलेलं आख्खं नाव एकमेकांच्या आधाराने टिकतं. ठिपका मात्र एकटा असतो. त्याच्याखाली डिंक चिमूटभर आणि कड चारही बाजूंनी उघडी. त्याच्या पाठोपाठ उकाराचं आणि वेलांटीचं टोक. मग ‘गंगा’ची ‘गगा’ होते आणि दुकानदार म्हणतो, “मटेरियल हलकं होतं.”

कधी ते खरंही असतं. पण मी या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, आणि एकाच रोलमधून, एकाच मशीनवर छापलेल्या दोन पाट्यांपैकी एक टिकलेली आणि एक सोललेली कितीतरी वेळा पाहिली आहे. फरक पडतो तो पेस्टिंगच्या तासाभरात, त्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. तिथे नेमकं काय घडतं हे कळलं, तर पैसे देणारा माणूसही पेस्टिंगवाल्याला योग्य वेळी “थांबा” म्हणू शकेल.

## हे विनाईल म्हणजे नक्की काय?

घरातला पाण्याचा पांढरा किंवा राखाडी पाइप पीव्हीसीचा असतो. विनाईलही पीव्हीसीच. फक्त त्यात मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. कडक पीव्हीसी असं मऊ करता येतं हे अमेरिकेतल्या वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवलं. अशा मऊ पीव्हीसीचा पातळ पापुद्रा, वर छपाईची शाई, शाईवर हवं तर पारदर्शक लॅमिनेशन, खाली डिंक आणि डिंकाखाली मेणचट गुळगुळीत बॅकिंग पेपर. एवढे हे थर.

यातला डिंक नीट समजून घ्यावा, कारण पुढचं बहुतेक सगळं त्याच्यावर उभं आहे. लाकडाला लावतो तो पांढरा गोंद ओला असतो, त्यातलं पाणी उडतं आणि तो वाळून घट्ट होतो. विनाईलचा डिंक असा वाळत नाही. तो कायम चिकट राहतो आणि फार जाड काकवीसारखा वागतो. पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्यावर सूक्ष्म खड्डे-उंचवटे असतात. दाब दिला की हा डिंक हळूहळू त्या खड्ड्यांत शिरतो. जितका शिरेल तितकी पकड. नुसता तळवा फिरवला तर तो उंचवट्यांच्या माथ्यांवरच टेकून राहतो.

काकवी सावकाश वाहते. तसंच पूर्ण पकड यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. लावल्यावर लगेच पाटी धुऊ नये, कड नखाने उचलून “चिकटलंय का” असं बघू नये, ते यासाठी.

## पुरी आणि घावन

दोन विनाईल हाताला सारखीच लागतात आणि भावात दुप्पट-तिप्पट फरक असतो. कशाचा?

स्वस्त विनाईल लाटून बनवतात. गरम पीव्हीसी मोठ्या रोलरांमधून दाबत आणि ओढत पातळ केलं जातं. मैद्याची पुरी लाटून पाहिली असेल तर पुढचं सांगायला नको: लाटणं उचललं की पुरी आक्रसते. या विनाईलच्या अंगातही तो ताण शिल्लक राहतो. ऊन लागलं की ते आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहतं. महिन्याभरात कडेला जी बारीक काळी रेघ दिसू लागते, ती त्याचीच खूण. विनाईल आत सरकलं, डिंक जागेवर उघडा पडला आणि त्यावर धूळ बसली.

महाग विनाईल ओततात. पातळ द्रव एका सपाट पट्ट्यावर ओतून भट्टीतून नेतात, घावन तव्यावर टाकतो तसं. त्याला कोणी ओढलेलंच नसतं, म्हणून ते आक्रसण्याची ओढही फार कमी. बाजारात याला ‘कास्ट’ म्हणतात. ते साधारण ५० मायक्रॉन जाडीचं, म्हणजे बहुतेकांच्या केसापेक्षा पातळ असतं. लाटलेलं ७० ते १०० मायक्रॉन. इथे जाड म्हणजे मजबूत हा हिशेब चालत नाही. पातळ कास्ट विनाईल वळणावर, खाचेत, रिव्हेटवर बसतं. जाड लाटलेलं तिथून उठतं.

लाटलेल्यातही दोन जाती आहेत. एकीतलं, म्हणजे साध्या विनाईलमधलं, मऊ करणारं द्रव्य हलकं असतं आणि भज्यांचं तेल कागदात उतरावं तसं ते हळूहळू डिंकात उतरतं. विनाईल कडक होतं, डिंक लिबलिबीत. दुसऱ्या जातीत ते जड असतं, सहज हलत नाही. तिला ‘पॉलिमेरिक’ म्हणतात.

मग प्रत्येकाने महाग घ्यावं का? अजिबात नाही. गणपती मंडळाचा दहा दिवसांचा फलक, सवलतीची जाहिरात, सनबोर्डवरचं (फोमच्या हलक्या पाटीवरचं) प्रदर्शनाचं पोस्टर यांना साधं विनाईल पुष्कळ झालं. तीन-चार वर्षं टिकवायच्या सपाट पाटीला पॉलिमेरिक घ्या. गाडीला कास्ट. गाडीवर साधं विनाईल लावून पैसे वाचवण्याचा सल्ला मी कोणालाच देणार नाही.

## छापून झालं, मग लगेच का लावायचं नाही?

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

बऱ्याच दुकानांतल्या मशीनमध्ये सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाई असते. ‘सॉल्व्हंट’ म्हणजे रंग विरघळवून ठेवणारं, उडून जाणारं द्रव. ते विनाईलच्या पृष्ठभागात थोडं मुरतं, म्हणूनच शाई पक्की बसते. छपाई हाताला कोरडी लागली तरी पोटात ते द्रव असतं. ओला शर्ट घडी करून कपाटात ठेवला तर जे होतं, तेच ताज्या छपाईवर लगेच लॅमिनेशन चढवल्यावर होतं. द्रवाला वर वाट नाही, म्हणून ते खाली डिंकात जातं. डिंक पातळ होतो, विनाईल अवाजवी मऊ पडतं, लावताना ताणलं जातं आणि पुढे कडा वळतात.

सुरुवातीच्या वर्षात मीच ही चूक केली. संध्याकाळी छापलेला गडद निळा फलक घट्ट गुंडाळून ठेवला आणि सकाळी लावायला नेला. बॅकिंग पेपर सोडवला तर चारही कडा आत वळलेल्या आणि विनाईल च्युइंगगमसारखं लांबतंय. तो फलक टाकून द्यावा लागला.

तेव्हा किमान २४ तास. काळा, गडद निळा, लाल असे भरगच्च शाईचे रंग असतील तर ४८. तेही मोकळं ठेवून. घट्ट रोल केला तर हवा फक्त टोकांना लागते. सैल गुंडाळी उभी ठेवावी किंवा फलक टांगावा. पाण्यावर आधारलेल्या लेटेक्स शाईच्या मशीनवर ही अडचण नसते, ते छापून लगेच लॅमिनेट करता येतं. ऑर्डर देताना “शाई कुठली?” हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

लॅमिनेशन नको म्हणून पैसे वाचवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: ते चमक आणण्यापुरतं नसतं. उन्हातली अतिनील किरणं आणि पेस्टिंगच्या वेळी दाबायच्या पट्टीचे ओरखडे, दोन्ही ते आपल्या अंगावर घेतं.

## कुठे चिकटेल, कुठे नाही?

अळवाच्या पानावर पाणी गोळा होऊन घरंगळतं. काचेवर तेच पाणी पसरतं. डिंकाचंही असंच आहे. ज्यावर पाणी पसरतं त्यावर डिंकही पसरतो. म्हणून काच, स्टील, चांगला रंग दिलेला पत्रा, एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेली पाटी) हे त्याचे मित्र. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कचऱ्याचे डबे, क्रेट यांचं प्लॅस्टिक अळवाच्या जातीचं. काही पावडर कोटिंग (भुकटी फवारून, भाजून बसवलेला रंग) आणि डाग पुसले जातील अशी जाहिरात असलेले भिंतीचे रंगही त्याच गोत्रातले. थेंबभर पाणी टाकून पाहायला काही खर्च येत नाही. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर साधं विनाईल तिथे टिकणार नाही. जादा चिकट डिंकाचं मागवावं लागेल.

भिंतीवरून तळहात फिरवा. भुकटी आली तर विनाईल त्या भुकटीला चिकटेल, भिंतीला नाही. नुकताच रंग दिला असेल तर थांबायलाच हवं, कारण रंगातून वाफा निघत राहतात आणि विनाईलखाली फुगे धरतात. भिंतीला महिनाभर द्या.

आता सफाई. आपल्याकडच्या दुकानाच्या दर्शनी भागावर काय काय असतं ते आठवा: उदबत्तीची काजळी, हळदीकुंकवाची बोटं, उद्घाटनाच्या नारळाचं पाणी, शेजारच्या वडापावच्या कढईतून उडालेलं तेल. तेल डोळ्यांना दिसत नाही, डिंकाला मात्र तिथेच अडवतं. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने खळखळून साबण काढा, वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणून मागतात, स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. ‘आत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आयपीए आपोआप उडू दिलं तर विरघळलेलं तेल परत तिथेच बसतं. रॉकेल नको, ते स्वतःच तेलकट. थिनर रंग खातो. गाडीचं पॉलिश तर अळवाचं पान नव्याने तयार करतं.

कोपरे, काचेभोवतीच्या रबराच्या पट्टीजवळची जागा आणि खालची कड दोनदा पुसा. विनाईल सुटायला सुरुवात तिथूनच होते.

## हात चालतो कसा

मोठा फलक एकट्याने लावू नये. दोन माणसं आणि वारा नसलेली वेळ, ही पहिली अट.

आधी बॅकिंग पेपर न काढता फलक जागेवर धरून मापं घ्या, पातळी बघा, मास्किंग टेपने चार ठिकाणी अडकवा आणि रस्त्यावर जाऊन एकदा लांबून पाहा. मग वरच्या कडेला आडवी टेप लावून बिजागरी करा. दार जसं बिजागरीवर उघडतं, तसा फलक वर उचलता येईल आणि सोडला की बरोबर त्याच जागी येईल. फलक फार लांब असेल तर बिजागरी मधोमध उभी करून एकेक बाजू घ्यावी. टेपच्या बाजूने चारेक इंच कागद सोडवून दुमडा आणि तेवढाच भाग आधी दाबा. तो बसला की फलक हलत नाही. पुढे एकाने कागद थोडा थोडा खेचत जायचं आणि दुसऱ्याने पट्टी मारायची.

कागद सोडवण्यातही शिस्त आहे. लहान स्टिकर असेल तर तो टेबलावर पालथा ठेवा आणि कागद त्यावरून सोलून काढा. बहुतेक लोक उलट करतात: कागद खाली धरून विनाईल वर ओढतात. त्यात विनाईल ताणलं जातं, आणि ताणलेलं विनाईल पुरीसारखं परत आक्रसतं. सुरकुती पडली म्हणून दोन्ही हातांनी खेचून ‘सरळ’ केलेला भाग पुढच्या उन्हाळ्यात हमखास उठतो. सुरकुती पडली तर थांबा, तेवढा भाग हलक्या हाताने परत उचला, सैल सोडा आणि पुन्हा बसवा.

पट्टी म्हणजे स्क्विजी, प्लॅस्टिकचं चपटं पातं. तिच्या कडेला फेल्ट लावलेलं हवं. नसेल तर सोडवलेला बॅकिंग पेपर मध्ये धरून त्यावरून पट्टी मारा, नाहीतर लॅमिनेशन नसलेल्या छपाईवर चरे उमटतात. पट्टी ४५ अंशांत तिरकी धरायची, मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, आणि प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढवायचा. शेणाने अंगण सारवताना हात जसा फिरतो तसा. मध्ये कोरी पट्टी राहिली तर तिथे हवा अडकलीच. दाब जोरकस हवा. शेवटी कडांवरून पुन्हा एकदा पट्टी फिरवायची.

कापलेल्या अक्षरांवर वरून ट्रान्सफर टेप असते. ती काढताना विनाईलला जवळजवळ चिकटून, मागे दुमडत, संथपणे ओढा आणि नजर अनुस्वारांवर ठेवा. ठिपका टेपबरोबर उठताना दिसला तर टेप परत दाबून पट्टी मारायची आणि मिनिटभर थांबायचं. झटका दिला की तो गेला.

दोन तुकडे जोडायचे असतील तर कौलं आठवा. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून पाणी आत जात नाही. भिंतीवर आडवा जोड असेल तर खालचा तुकडा आधी लावून वरचा त्यावर अर्धा इंच चढवावा. गाडीला मागून सुरुवात करून पुढे यावं, म्हणजे वारा जोडाच्या तोंडात शिरत नाही.

आणि कोपरे गोल कापून घ्या. टोकदार कोपऱ्याला नख, फडकं, झाडू काहीही अडकतं. छापतानाच सांगितलं तर याला जादा काही लागत नाही.

## “साबणाचं पाणी मारून लावलं तर सोपं जातं ना?”

जातं. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून काच भिजवली की विनाईल तरंगतं, हवं तसं सरकवता येतं. सपाट काचेवर, साध्या डिंकाच्या विनाईलला हे चालतं. पण पाणी डिंक आणि काच यांच्या मध्ये येतं, म्हणून पकड उशिरा धरते आणि राहिलेलं पाणी कधीकधी कित्येक दिवस दुधी डागांसारखं दिसतं. पट्टीने ते शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढलं पाहिजे.

काही विनाईलच्या डिंकात हवा बाहेर जाण्यासाठी बारीक नाल्या असतात. मागच्या बाजूला जाळीसारखी नक्षी दिसते. त्याला पाणी लावू नका, नाल्या पाण्याने भरतात. ‘वन वे व्हिजन’ म्हणजे बाहेरून चित्र आणि आतून आरपार दिसणारं छिद्रांचं विनाईल. त्यालाही पाणी नको, आणि ते रबराच्या पट्टीपासून चार-पाच मिलिमीटर आधीच कापावं.

काचेबाबत आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही. साध्या, टफन न केलेल्या (म्हणजे तापवून मजबूत न केलेल्या) मोठ्या काचेच्या अर्ध्या भागावर गडद विनाईल लावलं आणि तिच्यावर कडक ऊन येत असेल, तर तो भाग जास्त तापतो, उरलेला थंड राहतो आणि काच तडकू शकते. अशा ठिकाणी फिकट रंगाचं डिझाइन करून घ्यावं.

## बुडबुडा आला तर

लहान असेल तर सोडून द्या. विनाईलमधून हवा हळूहळू पाझरते, ऊन लागल्यावर बारीक फुगे काही आठवड्यांत बसतात. मोठा असेल तर त्याच्या कडेला बारीक सुईने तिरकं टोचा आणि दुसऱ्या टोकाकडून अंगठ्याने हवा छिद्राकडे ढकला. ब्लेडची चीर देऊ नका, ती चीर पुढे रुंदावत जाते.

## ऊन, थंडी, पाऊस

डिंकाला मध्यम हवा आवडते, साधारण १८ ते ३० अंश. थंडीत तो कडक होतो आणि खड्ड्यांत शिरत नाही. विदर्भात मे महिन्यात दुपारी शटरला हात लावा. तळवा टेकवता येत नसेल तर विनाईल टेकताक्षणी पकडेल आणि दुरुस्तीला वाव राहणार नाही, शिवाय तेच विनाईल गरमीने मऊ होऊन ताणलं जाईल. काम सकाळी लवकर उरकावं.

पावसाळ्यात पाटी कोरडी दिसते, पण पत्र्यावर दमटपणाचा पातळ थर असतो आणि विटांच्या भिंतीत तर ओल मुरलेलीच असते. कोकण-गोव्यात किनाऱ्यालगत त्यात मिठाची भर. अशा वेळी भिंतीचं काम मी पुढे ढकलते. पत्रा किंवा काच असेल तर हेअर ड्रायरने कोरडी करून घेते आणि पुढचे २४ तास तिच्यावर पाणी पडणार नाही याची सोय आधी बघते.

गाडीच्या खाचा आणि रिव्हेट यांना मात्र उष्णता मुद्दाम द्यावी लागते. कास्ट विनाईल खाचेत बसवून झाल्यावर हीट गनने साधारण ९० ते १०० अंशांपर्यंत तापवलं की त्याच्यातला नवा ताण मोडतो आणि ते त्या आकारात राहतं. खाचेपुरतं हे टाळलं तर आठवड्याभरात विनाईल खाचेवर तंबूसारखं उभं राहतं. लाटलेलं विनाईल असं तापवून उपयोग नाही, ते उलट आक्रसतं.

## काढायची वेळ आली की

विनाईल उतरवणं हाही लावण्याचाच भाग आहे, कारण खालचा रंग किंवा काच तुम्हाला परत वापरायची असते. आयुष्य संपल्यावरही वर्षानुवर्षं ठेवलेलं विनाईल पापडासारखं तुकड्यातुकड्यांनी निघतं आणि डिंक मागे राहतो. रंग फिका पडू लागला, बारीक भेगा दिसल्या की काढायला घ्यावं. हेअर ड्रायरने हाताला सोसेल एवढंच गरम करा, कोपरा उचला आणि पृष्ठभागाशी लहान कोन ठेवून सावकाश ओढा. जोर केला तर गाडीचा दुसऱ्यांदा मारलेला रंग विनाईलसोबत निघून येतो. उरलेला डिंक आयपीएने किंवा डिंक काढायच्या द्रवाने भिजवून, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

काढलेलं विनाईल शेकोटीत टाकू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, आणि त्या धुरात त्याहूनही विषारी द्रव्यं असतात. गुंडाळी करून सुक्या कचऱ्यात द्या.